परवाना: टर्मिनल बेटावरच्या जपानी कोळ्यांचे अठ्ठेचाळीस तास

२ फेब्रुवारी १९४२ या दिवशी लॉस एंजेलिस बंदरातल्या टर्मिनल बेटावर एफबीआयची माणसं दारोदार फिरली आणि सुमारे चारशे पुरुषांना उचलून घेऊन गेली. कोणाला न्यायचं हे ठरवायला फारशी शोधाशोध करावी लागली नाही. जन्म जपानमधला आणि नावावर धंदेवाईक मासेमारीचा परवाना, एवढी खूण पुरली. हा परवाना कॅलिफोर्निया राज्यानेच दिलेला होता, आणि दर वर्षी नव्याने काढावा लागे. वर्षानुवर्षं कायद्याने वागल्याचा तो कागद त्या दिवशी अटकेची यादी झाला.

या बेटाची गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘अठ्ठेचाळीस तासांत बेट सोडा’ या नौदलाच्या हुकमापासून सुरुवात करतात, आणि तो हुकूम भयंकर होताच. पण नुसते ते दोन दिवस पाहिले तर वाटतं, युद्धाच्या गडबडीत कुणीतरी घाई केली, झालं. परवान्याचा कागद धरून मागे-पुढे गेलं की वेगळं दिसतं. आधी परवान्यावरून माणसं उचलली, मग त्यांची घरं गेली, आणि ती छावणीत असताना राज्याने कायदा बदलून परवानाच बंद केला. शेवटचं पाऊल युद्धाच्या गडबडीतलं नव्हतं. ते विधिमंडळात मतदान घेऊन उचललेलं होतं. ते मागे घ्यायला लावण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि तोवर १९४८ साल उजाडलं होतं.

भोंग्यावर चालणारी वस्ती

टर्मिनल बेट म्हणजे नारळी-पोफळीचं चित्र डोळ्यांपुढे आणू नये. सॅन पेद्रो आणि लाँग बीचच्या मधल्या खाडीतला तो वाळूचा लांबट पट्टा. पूर्वी त्याला ‘रॅटलस्नेक आयलंड’ म्हणत. रेल्वे कंपनी आली, तिच्या नावातलं ‘टर्मिनल’ बेटाला चिकटलं. पुढे बंदरातला गाळ उपसून भर घातली आणि पट्टा रुंद होत गेला. तेलाच्या टाक्या, गोद्या, नौदलाचं विमानतळ, तुरुंग आणि मासळी डबाबंद करणारे कारखाने अशी तिथली शेजारपाजारची मंडळी.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला काही जपानी मच्छीमार सॅन पेद्रोजवळच्या व्हाइट पॉइंटला बुडी मारून अबलोनी काढत असत. अबलोनी म्हणजे खडकाला चिकटून बसणारा, कानाच्या आकाराच्या शिंपल्याचा जीव. हळूहळू ते टर्मिनल बेटावर सरकले. बहुतेक सगळे वाकायामा प्रांतातले, ताइजीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांमधले. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, कसायला जमीन थोडी, त्यामुळे पोट समुद्रावर. कोकणातल्या माणसाला हा भूगोल समजावून सांगायला नको.

याच काळात सॅन पेद्रोत टूना डब्यात भरण्याचा धंदा सुरू झाला. टूना म्हणजे आपल्याकडचा कुपा. त्यातल्या अल्बाकोर जातीचं पांढरं मांस अमेरिकन गिऱ्हाइकाला कोंबडीसारखं वाटलं आणि मागणी वाढली. वाकायामाच्या लोकांना हा मासा जाळ्याविना पकडता येत असे. बोटीवरून जिवंत तारली पाण्यात फेकायची, कुप्यांचा थवा वर आला की बांबूची काठी, आखूड दोरी आणि उलटी अणी नसलेला गळ घेऊन ओळीने उभं राहायचं. मासा लागला की एका झटक्यात डोक्यावरून मागे बोटीत. बिनअणीचा गळ आपोआप सुटतो आणि काठी पुन्हा पाण्यावर. मासा मोठा असेल तर दोन किंवा तीन माणसांच्या काठ्या एकाच गळाला बांधलेल्या, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी झटका द्यायचा. एकाने जरी वेळ चुकवली तर मासा गेला आणि कधी माणूसही पाण्यात गेला. असं कौशल्य पुस्तकातून येत नाही. बाप-भावाच्या शेजारी उभं राहूनच येतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

बायका कॅनरीत, म्हणजे मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात. मासे कापणं, साफ करणं, डबे भरणं, ओल्या फरशीवर तासन् तास उभं राहणं. प्रत्येक कॅनरीच्या भोंग्याचा सूर वेगळा होता आणि झोपेतही बायकांना आपला भोंगा ओळखू येई. गिरणगावात वाढलेल्यांना भोंगा नवा नाही, पण गिरणीचा भोंगा घड्याळावर वाजायचा. हा वाजायचा मासळी आल्यावर. रात्री दोनला बोट लागली तर रात्री दोनला. मग पोरांना शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे सोपवून रबरी बूट घालून निघायचं.

घरंही कॅनरीची. एकसारखी, लाकडी, रांगेने बांधलेली, भाडं कंपनीला. बोटींचं भांडवलही बऱ्याचदा कॅनरीकडूनच उभं राहिलेलं, म्हणून मासळी त्याच कॅनरीला घालायची. म्हणजे स्वातंत्र्य फार होतं अशातला भाग नाही. पण १९४१ पर्यंत तिथे सुमारे ३,००० लोकांचं गाव उभं राहिलं होतं. टूना स्ट्रीट नावाचा बाजाराचा रस्ता, शिंतो देऊळ, बॅप्टिस्ट चर्च, जूदो-केंदोचे आखाडे, बेसबॉलचा संघ. मुख्याध्यापिका मिल्ड्रेड ओबार वॉलिझर यांचं नाव पुढे तिथल्या प्राथमिक शाळेलाच दिलं गेलं. पोरांची बोली वाकायामाची रांगडी जपानी आणि इंग्रजी यांची भेळ. ‘आम्ही’ म्हणायला ‘मी-रा’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला ‘यू-रा’. इंग्रजी सर्वनामाला जपानी अनेकवचन जोडलेलं. हा ‘मी’ इंग्रजीतला, पण मराठी कानाला घरचाच वाटतो.

जुनी माणसं या वस्तीला ‘फुरुसातो’ म्हणतात, म्हणजे आपलं मूळ गाव. आजोळ-आजोबा जपानमध्ये असताना कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या पट्ट्याला ‘मूळ गाव’ म्हणणं, यात सगळं आलं.

जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला, म्हणजे इस्सेईंना, अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची सोयच नव्हती. कायद्याने तो हक्क ‘गोऱ्या’ माणसांना आणि पुढे आफ्रिकी वंशाच्या लोकांना दिला होता. जपानी त्यात बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये सांगून टाकलं. आणि नागरिक होऊ न शकणाऱ्याला शेतजमीन घेता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ मध्येच केला होता. त्यामानाने समुद्र बरा. समुद्राला सातबारा नसतो. परवाना काढला की उतरता येतं.

बारा आठवडे

७ डिसेंबर १९४१, रविवार. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी बेटावर पहारा बसला. फेरीबोटीने पलीकडे गेलेली माणसं परतताना अडवली गेली. वस्तीतले पुढारी, जपानी भाषेचे शिक्षक, धर्मगुरू यांची पहिली धरपकड झाली. इस्सेईंची बँकखाती गोठवली गेली. जपानी बोटींना समुद्रात जायला बंदी झाली.

मासेमारीच्या गावात बोट बंद म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण इथे ती दोन्ही बाजूंनी बंद होती. समुद्रावर जाता येत नव्हतं आणि साठवलेला पैसा बँकेत अडकला होता. अशा घरांवर २ फेब्रुवारीची धाड आली. उचललेल्यांपैकी बऱ्याच जणांना उत्तर डाकोटातल्या बिस्मार्कजवळच्या फोर्ट लिंकन छावणीत नेलं. कॅलिफोर्नियाच्या ऊबदार किनाऱ्यावरून फेब्रुवारीतल्या बर्फात. आरोप कुणावरच ठेवला नव्हता. ‘शत्रुदेशी परके’ एवढंच.

आता बेटावर उरल्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बायकांपैकी अनेकींना इंग्रजी जेमतेम येई. घराचा कारभार अचानक अठरा-वीस वर्षांच्या थोरल्या मुलांकडे आला. ही मुलं अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक.

नंतरच्या तारखा नीट लावून पाहिल्या तर घाईचं स्वरूप कळतं. १० फेब्रुवारीला न्यायखात्याची नोटीस लागली: जपानी नागरिकांनी पुढच्या सोमवारपर्यंत बेट सोडावं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने बेट नौदलाच्या ताब्यात गेलं. १५ तारखेपर्यंत नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी कळवायला सांगितलं की घरं संपादित होणार, साधारण तीस दिवसांनी. १९ तारखेला रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली; पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांच्या हकालपट्टीचा पाया तो. २३ तारखेला एका जपानी पाणबुडीने सांता बार्बराजवळच्या एलवुड तेलक्षेत्रावर तोफगोळे टाकले. नुकसान किरकोळ, पण भीती भरपूर. २५ च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या आकाशात शत्रूची विमानं आली समजून विमानविरोधी तोफा सुमारे तासभर धडधडल्या. एकही विमान आलेलं नव्हतं. आणि त्याच दिवशी, बुधवारी, बेटावर नौदलाचा निरोप आला: अठ्ठेचाळीस तास. शुक्रवार, २७ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत बेट रिकामं.

पंधरा दिवसांत तीन मुदती. पहिली फक्त जपानी नागरिकांना, दुसरी सगळ्यांना पण तीस दिवसांची, तिसरी दोन दिवसांची. घरातल्या बाईने यातली नेमकी कुठली खरी मानायची होती?

कुठे जायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि या प्रकरणाचं वेगळेपण इथे आहे. पुढे मार्च अखेरीपासून इतर ठिकाणच्या जपानी लोकांना हलवलं तेव्हा निदान, कितीही वाईट असो, नेण्याची जागा ठरलेली होती. टर्मिनल बेटाच्या वेळी छावण्या बांधूनच झालेल्या नव्हत्या. सरकारने फक्त ‘निघा’ म्हटलं. वाहनं नाहीत, पैसा गोठलेला, घरातला कर्ता पुरुष हजारो किलोमीटर दूर.

जुन्या सामानाचे व्यापारी ट्रक घेऊन बेटावर हजर झाले. पियानो, शिलाई मशीन, शेगड्या, भांडी, नवऱ्याची हत्यारं कवडीमोलाने गेली. काहींनी विकण्यापेक्षा फोडून टाकणं पसंत केलं. जाळी, काठ्या, इंजिनाचे सुटे भाग, बोटीवरचा सरंजाम अशा वस्तूंना तर धंद्यातलंच गिऱ्हाईक लागतं, आणि त्या दोन दिवसांत कोण घासाघीस करणार? घरातली बाई शेगडीची किंमत सांगू शकते. जाळ्याची किंमत ज्याला ठाऊक तो बिस्मार्कच्या बर्फात बसलेला.

मदतीला धावून आलेही होते. बॅप्टिस्ट मिशनरी व्हर्जिनिया स्वॉन्सन आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी ट्रकांची व्यवस्था केली, शहरातल्या जपानी शाळा आणि देवळांमधून लोकांना टेकायला जागा मिळवून दिली. बॉइल हाइट्स भागातल्या एका रिकाम्या शाळेत कित्येक कुटुंबं राहिली. मधे चादरी टांगून खोल्या केलेल्या. तिथे महिनाभर काढला आणि एप्रिलमध्ये पुन्हा गाठोडी बांधायची वेळ आली, या वेळी मांझनारच्या छावणीसाठी.

बेटावरची घरं, दुकानं, देऊळ, जवळजवळ सगळं नौदलाने थोड्याच काळात जमीनदोस्त केलं.

गरज होती का?

नौदलाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. युद्धकाळात बंदराच्या तोंडावरचं, गोद्या आणि तेलटाक्यांना खेटलेलं बेट नौदलाला आपल्या ताब्यात हवं वाटणं अजब नाही. सरकारं शांततेच्या काळातसुद्धा प्रकल्पासाठी गावं उठवतात. पण मग तीस दिवसांची मुदत नौदलानेच दिली होती, ती अठ्ठेचाळीस तासांवर आणायला एलवुडचे तोफगोळे आणि न आलेली विमानं पुरली, हे कारण मला तरी पटत नाही. शत्रूची पाणबुडी किनाऱ्याजवळ येते आणि त्याची किंमत डबे भरणाऱ्या बायका मोजतात, हे त्रैराशिक कुठल्या युद्धशास्त्रातलं?

नौदलाकडे माहिती नव्हती असंही नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात काम करणारे, जपानी भाषा शिकलेले नौदल गुप्तवार्ता विभागाचे लेफ्टनंट कमांडर केनेथ रिंगल यांनी जानेवारी १९४२ मध्येच अहवाल दिला होता. ‘जपानी प्रश्न’ वंशामुळे अवास्तव फुगवला गेला आहे, बहुसंख्य लोकांपासून धोका नाही, ज्यांच्याविषयी संशय आहे त्यांना एकेकटं तपासावं, असा त्याचा सूर होता. युद्धाच्या संपूर्ण काळात हेरगिरी किंवा घातपाताच्या गुन्ह्यात अमेरिकेतला एकही जपानी-अमेरिकन दोषी ठरला नाही. पुढे काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये या हकालपट्टीची मुळं वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश यांत असल्याचं नोंदवलं.

खाडीच्या पलीकडे नजर टाकली की आणखी उलगडतं. सॅन पेद्रोत इटालियन आणि क्रोएशियन मच्छीमारांची मोठी वस्ती होती. इटलीही शत्रुदेश. इटालियन नागरिकांवरही सुरुवातीला निर्बंध आले, किनाऱ्यावरच्या काही गावांतून नागरिकत्व न घेतलेल्या इटालियनांना हलवलं गेलं, बोटी अडकल्या. पण ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांच्यावरचा ‘शत्रुदेशी परके’ हा शिक्का पुसला गेला, आणि त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना कुणी वस्तीसकट उचललं नव्हतं. शिवाय इटालियन माणसाला नागरिक होण्याचा रस्ता मोकळा होता. जपानी माणसाला तो बंद ठेवायचा आणि मग ‘हा नागरिक नाही’ म्हणून संशय घ्यायचा!

वाळवंटातले कोळी

मांझनार हे ओवेन्स खोऱ्यात, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी. रणरणता उन्हाळा, बोचरा हिवाळा आणि सतत वारा-धूळ. हे खोरं पूर्वी इतकं कोरडं नव्हतं. लॉस एंजेलिसने १९१३ पासून कालवा काढून तिथलं पाणी शहराकडे वळवलं आणि खोरं सुकलं. म्हणजे ज्या शहराने या खोऱ्याचं पाणी नेलं, त्याच शहराच्या बंदरातले कोळी आता त्या कोरड्या जमिनीवर आणून सोडले. योगायोगच, पण कुठल्याही कादंबरीकाराला हा योगायोग वाचकाच्या गळी उतरवता आला नसता.

दहा हजारांवर माणसांची ही छावणी. टर्मिनल बेटवाल्यांची घरं बहुतेक ब्लॉक ९ आणि १० मध्ये पडली. शहरातून आलेल्या इतर जपान्यांना त्यांची बोली शिवराळ आणि वागणं दांडगट वाटे. कोळीवाड्याबद्दल शहराचं जे मत असतं तेच. वस्ती एकत्र राहिली एवढंच त्यातलं भाग्य.

१९४२ मध्ये छावणीत लष्करासाठी छद्मजाळी विणण्याचं काम निघालं. जाळ्यांत कापडाच्या पट्ट्या गुंतवायच्या, तोफा-रणगाडे झाकायला. हे युद्धाचं काम, म्हणून ते फक्त अमेरिकन नागरिकांना, म्हणजे मुलांना. जाळ्याशी ज्यांनी जन्म घालवला त्या बापांना जाळ्याला हात लावायची परवानगी नाही! त्या वर्षीच्या डिसेंबरात छावणीत गोळीबार झाला, दोघे मेले, आणि ते कामही बंद पडलं.

काही पुरुष मात्र रात्री तारेखालून सरपटत बाहेर पडत आणि सिएराच्या ओढ्यांत ट्राउट, म्हणजे गोड्या पाण्यातला मासा, पकडत. पहाऱ्याचे मनोरे, शोधदिवे, बंदुका चुकवून मूठभर ट्राउटसाठी जाणं हा शुद्ध वेडेपणा म्हणावा. की ज्याच्या हाताला गळाची सवय आहे त्याला दुसरं काही सुचतच नाही, असं म्हणावं?

तोराओ ताकाहाशी यांचा अर्ज

१९४३ साल. मच्छीमार छावणीत आहेत, किनाऱ्यावर एकही जपानी माणूस नाही. नेमक्या त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मत्स्य आणि शिकार संहितेत दुरुस्ती केली: ‘परक्या जपान्यांना’ मासेमारीचा परवाना मिळणार नाही. किनाऱ्यावर नसलेल्या माणसांना परवाना न देण्याचा कायदा कशासाठी? लष्करी कारण तर उरलंच नव्हतं. हा कायदा ते परत येतील त्या दिवसासाठी करून ठेवलेला होता. त्याआधीच्या दोन दशकांत जपान्यांचे परवाने बंद करायचे प्रयत्न अधूनमधून होत आणि फसत. युद्धाने ते काम सोपं केलं.

१९४५ मध्ये शहाणपण सुचलं. ‘जपानी’ हा शब्द कायद्यात उघडा ठेवला तर न्यायालय तो घटनाबाह्य ठरवील, म्हणून तो काढून ‘नागरिकत्वास अपात्र व्यक्ती’ असे शब्द घातले. अर्थ तोच, टोपी वेगळी.

तोराओ ताकाहाशी १९०७ मध्ये कॅलिफोर्नियात आलेले. १९१५ ते १९४२ अशी सत्तावीस वर्षं दर साल परवाना काढून त्यांनी मासेमारी केली होती. टर्मिनल बेट, मग मांझनार. १९४५ मध्ये परत येऊन परवाना मागितला, तर नाही म्हणून सांगितलं. बाकीच्या सगळ्या अटी ते पुऱ्या करत होते. ताकाहाशी कोर्टात गेले. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९४७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला. वकील ए. एल. विरिन यांनी प्रकरण वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं.

राज्याचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. किनाऱ्यालगतच्या तीन मैलांतली मासळी ही कॅलिफोर्नियाच्या नागरिकांच्या सामाईक मालकीची आहे, राज्य तिचं विश्वस्त आहे, म्हणून ती कुणाला पकडू द्यायची हे राज्य ठरवील. जमीन नाकारली गेली म्हणून समुद्रावर आलेल्या माणसापुढे आता समुद्राचाही सातबारा टाकला होता. कुपा मासा तर हजारो मैल भटकतो. तीन मैलांच्या आत आला की कॅलिफोर्नियन आणि बाहेर गेला की नाही, अशी त्याची नागरिकत्वाची भानगड.

७ जून १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ताकाहाशी यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचं. देशात कायदेशीर राहणाऱ्या परक्या माणसालाही कायद्याचं समान संरक्षण आहे, आणि केंद्र सरकार नागरिकत्वासाठी जे वर्गीकरण करतं ते उसनं घेऊन राज्याने त्याची रोजीरोटी तोडता येणार नाही, हा त्याचा गाभा. हेच ब्लॅक चार वर्षांपूर्वी कोरेमात्सु खटल्यात जपान्यांच्या हकालपट्टीला घटनात्मक ठरवणारं निकालपत्र लिहून बसले होते. घर काढून घेणं चालतं, परवाना काढून घेणं चालत नाही. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांनी मात्र स्वतंत्र मत लिहून आडपडदा काढून टाकला: हा कायदा जपानी वंशाच्या लोकांविषयीच्या वैरभावातून थेट जन्मलेला आहे आणि म्हणूनच तो टिकू शकत नाही. मर्फी यांनी कोरेमात्सुमध्येही विरोधी मत दिलं होतं. त्यांचं दोन्हीकडचं मत एकमेकांना धरून आहे, याचं मला अप्रूप वाटतं.

परवाना मिळाला. बोट? ती कधीच गेली होती. घर जमीनदोस्त. सुटून आलेल्यांच्या हातात छावणीतून निघताना मिळालेले पंचवीस डॉलर आणि गाडीभाडं. काही थोडे पुन्हा समुद्रावर गेले. बरेच जण शहरात पांगले आणि लोकांच्या बागा सांभाळू लागले. तीन काठ्यांनी एका झटक्यात मासा उचलायला तीन माणसं शेजारी उभी लागतात. ती तीन आता तीन उपनगरांत होती.

नुकसानभरपाईचा पहिला कायदा १९४८ मध्येच झाला. लोकांनी सुमारे १४.८ कोटी डॉलरचे दावे लावले, हातात पडले सुमारे ३.७ कोटी. दाव्यासाठी पुरावे हवे होते. दोन दिवसांत घर सोडणाऱ्या बाईने जाळ्याच्या पावत्या बरोबर घ्यायला हव्या होत्या, असं बहुधा साहेबांचं म्हणणं. माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर, हे १९८८ मध्ये आलं. २ फेब्रुवारीला उचललेल्या चारशेंपैकी बहुतेकांनी तोवर डोळे मिटले होते.

हेच दुसऱ्या किनाऱ्यांवर

उत्तरेला कॅनडात स्टीव्हस्टनच्या जपानी मच्छीमारांबाबत क्रम उलटा होता: तिथे आधी बोटी नेल्या. डिसेंबर १९४१ मध्ये कॅनडाच्या नौदलाने ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या जपान्यांच्या सुमारे १,२०० बोटी ताब्यात घेतल्या आणि पुढे सरकारनेच त्या विकून टाकल्या. किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली ती १ एप्रिल १९४९ रोजी, युद्ध संपून साडेतीन वर्षं झाल्यावर.

आणि एक धागा आपल्या देशातही येतो, तो फारसा कुणाला माहीत नसतो. सिंगापूर आणि मलायात ब्रिटिशांनी पकडलेल्या जपानी नागरिकांना, त्यांत मच्छीमारही होते, जहाजांनी हिंदुस्थानात आणलं. आधी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबूंत ठेवलं आणि नंतर राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या भारतीयांना स्वतंत्र भारताच्या सरकारने नेऊन ठेवलं, तीही हीच देवळी. कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवताना हे नाव मला आठवतं आणि बोट जरा खाली येतं.

टूना स्ट्रीट

१९७१ मध्ये जुन्या रहिवाशांनी टर्मिनल आयलंडर्स क्लब काढला. नव्या वर्षाचं संमेलन, उन्हाळ्यातली सहल. बेटावर अर्थातच नाही, तिथे आता कंटेनरच कंटेनर. २००२ मध्ये फिश हार्बरसमोर स्मारक झालं: शिंतो देवळापुढे असते तशी तोरी कमान आणि दोन मच्छीमारांचे पुतळे. पुतळ्यांची तोंडं पाण्याकडे.

जुन्या वस्तीतल्या दोनच इमारती टूना स्ट्रीटवर उभ्या आहेत. १९१८ ची ‘नान्का शोतेन’ ही कापडचोपडाची पेढी आणि १९२३ चं ‘ए. नाकामुरा कंपनी’ हे किराणा दुकान. बंदर खात्याने त्या पाडण्याचा विचार चालवला, तेव्हा २०२५ मध्ये राष्ट्रीय वारसा जतन संस्थेने अमेरिकेतल्या सर्वांत धोक्यातल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्यांना घातलं. बेटावर जन्मलेली, आता नव्वदीत पोचलेली माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं त्या वाचवायला बंदर खात्यापुढे उभी राहिली. त्यांची मागणी साधी आहे: एका इमारतीत दुकान परत चालू व्हावं, बंदरावर काम करणाऱ्या माणसांना दुपारचं काहीतरी खायला मिळेल असं.